दाजींची थोडी रक्षा डिस्नेलँडमधल्या भूतवाड्यात टाकायची म्हणते आक्का. काय सांगू तिला?

उद्यमनगरकर
मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. जरा लांबणार आहे, पण पूर्ण वाचा आणि कृपा करून चेष्टा करू नका. घरात दुःख ताजं आहे.

आमची आक्का १९९८पासून कॅलिफोर्नियात आहे, डिस्नेलँडपासून गाडीनं वीस मिनिटांवर. दाजी मूळचे इचलकरंजीचे. ऑगस्टमध्ये ते गेले. तिकडच्या पद्धतीनं दहन झालं आणि रक्षा एका प्लास्टिकच्या डब्यात घरी आहे. डिसेंबरात आक्का ती घेऊन येणार आणि आपल्याकडं रक्षाविसर्जन करायचं, असं ठरलेलं. परवा फोनवर म्हणाली, "चार चमचे रक्षा मी बाजूला काढून ठेवलीय. ती हाँटेड मॅन्शनमध्ये सोडणार. त्यांनी माझ्याकडनं वचन घेतलंय."

हे ऐकून घरातल्या बाकीच्यांनी सरळ "तिला वेड लागलंय" म्हणून टाकलं. मला तसं म्हणवत नाही, कारण मी दाजींना तिथं बघितलंय.

२०१७मध्ये मी महिनाभर त्यांच्याकडं होतो. तेवढ्यात नऊ वेळा डिस्नेलँडला गेलो. दाजींचा क्रम कधी चुकला नाही. गेटातून आत गेलं की जमिनीला हात लावून तो कपाळाला लावायचे, आपण देवळाचा उंबरा ओलांडताना करतो तसं. मग पहिल्यांदा रेल्वेत बसून पार्कला एक पूर्ण चक्कर. त्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही राइडला हात लावायचा नाही. उतरल्यावर मेन स्ट्रीटवर अग्निशमन केंद्राच्या वरच्या खिडकीतला दिवा बघायचा. त्या माडीवर वॉल्ट डिस्नेची स्वतःची राहायची खोली होती, त्याच्या आठवणीत तो दिवा लावलेला असतो. दिवा दिसला की मगच चहा. खिशात छोटी डायरी, त्यात तारीख आणि भेटीचा नंबर. अशा ३१ डायऱ्या आक्काकडं आहेत. शेवटचा नंबर २,११६.

स्प्लॅश माउंटन नावाची पाण्यातली राइड तिथं १९८९पासून होती, ती मे २०२३च्या अखेरीस बंद झाली. फ्लोरिडातली तीच राइड त्याच वर्षी जानेवारीत बंद पडली, तेव्हा लोकांनी तिथलं पाणी बरण्यांत भरून इंटरनेटवर विकायला ठेवलं होतं. दाजींना त्याचा भयंकर राग आला होता. पण आपल्या पार्कातली बंद व्हायच्या आठवड्यात ते स्वतः जाऊन बसले, भिजून बाहेर आले आणि अंगावरचा टी-शर्ट एका छोट्या बाटलीत पिळला. ती बाटली आक्काच्या देवघरात गंगाजलाच्या गडूशेजारी आहे. मी व्हिडिओ कॉलवर बघितलीय. तळाला निळ्या सुताचा एक धागा दिसतो.

हे सगळं कुठून आलं, तेही सांगतो. २००१मध्ये दाजींची नोकरी गेली. सात महिने घरी. शेजारपाजारच्या आपल्या लोकांना कळू नये म्हणून ते रोज सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडायचे. वार्षिक पास होता, म्हणून जायचे डिस्नेलँडला. फॉइलमध्ये भाकरी आणि झुणका. एका बाकावर बसून अर्ज लिहायचे. आक्का म्हणते, त्या सात महिन्यांत तो माणूस संध्याकाळी हसत घरी आला नसता, तर आमचं काय झालं असतं सांगता येत नाही.

हाँटेड मॅन्शनमध्ये ९९९ भुतं राहतात आणि आणखी एकाची जागा शिल्लक आहे, असं त्या राइडमध्येच सांगतात. दाजी दर वेळी म्हणायचे, हजारावा मी. हॉस्पिटलातही तेच म्हणाले. आक्कानं हो म्हटलं.

आता माझा प्रश्न. असं करणारे लोक खरंच असतात का? केलं तर तिथं नेमकं काय होतं? माझा भाचा म्हणतो, पकडली तर आईला हाकलतील. पण मला त्याहून दुसरीच काळजी आहे. ती रक्षा तिथं राहते का? का कोण झाडून काढतं? मी लेथवर काम करणारा माणूस, मशीनभोवती काहीही सांडलं की ते साफ होतंच, एवढं मला माहीत आहे. पण आक्काला तोंडानं सांगवेना.

---

रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री ११.५८

करू नका. परदेशात एकटी बाई, वय झालेलं, सिक्युरिटीनं धरलं तर भाषेपासून अडचण. दाजींना देव शांती देवो. एवढंच.

---

राइडवाला_गडहिंग्लज
बुधवार, रात्री १.१५

दादा, झोप लागत नव्हती म्हणून उघडलं आणि तुमचं वाचलं. मी आखातातल्या एका थीम पार्कमध्ये सहा वर्षं राइड ऑपरेटर होतो. नाव सांगत नाही. जे बघितलं ते सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, असतात, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा पुष्कळ असतात. वॉल स्ट्रीट जर्नलनं २०१८मध्ये यावर सविस्तर बातमी छापली होती. डिस्नेच्या पार्कांत साधारण महिन्यातून एकदा असं घडतं आणि कर्मचाऱ्यांचा त्यासाठी वायरलेसवरचा ठरलेला शब्द आहे, 'हेपा क्लीनअप'. हेपा म्हणजे बारीकात बारीक धूळ अडवणारा फिल्टर. साध्या व्हॅक्यूमनं रक्षा ओढली तर ती मागनं हवेत परत उडते, म्हणून हेपाचं मशीन आणावं लागतं. सगळ्यात जास्त हाँटेड मॅन्शनमध्येच टाकतात, असं त्यात होतं. फुलांचे वाफे, हिरवळ, पाण्यातल्या राइड, कुठंच सोडत नाहीत. कंपनी म्हणते हे बेकायदा आहे, आणि सापडला त्याला बाहेर काढतात.

आता दुसरा प्रश्न, टाकल्यावर काय होतं. हे मी स्वतः केलंय.

आमच्याकडं अंधारातली एक राइड होती, बसून आत जायचं, दोन्ही बाजूंना बाहुल्या आणि दिवे. एक दिवस दुपारी मॉनिटरवर दिसलं की एक माणूस, पंचेचाळिशीचा असेल, गाडीतनं हात बाहेर काढून काहीतरी सांडतोय. औषधाच्या बाटलीएवढी बाटली. आम्हाला वाटलं पावडर, कुणी खोडी करतंय. राइड थांबवली. बाहेर "तांत्रिक कारणामुळे बंद" अशी पाटी लावली, ती पाटी सगळ्या जगात सारखीच असते. मी आणि एक नेपाळी पोरगा टॉर्च घेऊन आत गेलो.

टॉर्च मारला आणि मला कळलं. राखाडी-पांढरं, रांगोळीसारखं, आणि मध्ये तांदळाच्या कणीएवढे खडे. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या वडिलांची रक्षा मी या हातांनी सावडली होती. तिकडं दहनानंतर हाडं मशीनमध्ये दळतात, म्हणून ती आपल्यासारखी अस्थी आणि राख अशी वेगळी राहत नाही, सगळं एकजीव होतं. पण खडे राहतात. मी चप्पल काढायला वाकलो आणि मग लक्षात आलं की पायात सेफ्टी शूज आहेत आणि ते काढायला परवानगी नाही.

रक्षा कुठं कुठं गेली होती ऐका. निम्मी गाडीच्या फटीत. थोडी रुळावर. थोडी एका बाहुलीच्या पायाशी सेन्सरवर, त्यामुळं ती बाहुली हलायची थांबली होती. आम्ही मास्क लावून दीड तास सगळं ओढून काढलं. दादा, मला हे लिहायला जड जातंय पण तुम्ही सरळ विचारलंय म्हणून लिहितो. ती सगळी मशीनच्या पिशवीत गेली. त्याच पिशवीत पॉपकॉर्न होते, हेअरपिना होत्या, कुणाच्या तरी बुटातली वाळू होती. पिशवी बांधली आणि सुपरवायझरनं सांगितलेल्या पिंपात टाकली. मी त्याला म्हटलं, यातलं चमचाभर तरी मला द्या, मी समुद्रात सोडतो. नियमात बसत नव्हतं. त्या माणसाची बायको होती का पोर होतं, मला कधी कळलं नाही. तो बाहेर खुर्चीवर बसून होता. रडत नव्हता. समाधानानं बसला होता, काम झालं म्हणून. त्याला कुणी पिंपाचं सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. आज अकरा वर्षं झाली.

हाँटेड मॅन्शनचं तर आणखी अवघड. तिथल्या काळ्या गाड्या एकाच साखळीत एकामागं एक अखंड फिरतात, माणसं चढताना-उतरतानाही थांबत नाहीत, खालचा पट्टाच त्यांच्या वेगानं सरकतो. एक थांबली की सगळ्या थांबतात, मग अंधारात पोरं रडायला लागतात. शिवाय खरी राइड त्या वाड्यात नाहीच. वाड्यातनं लिफ्टनं खाली उतरवतात, रेल्वेच्या रुळाखालनं भुयारातनं नेतात आणि रुळापलीकडच्या एका मोठ्या गोदामासारख्या इमारतीत ती राइड आहे. तुमचे दाजी ज्या रेल्वेनं पहिली चक्कर मारायचे, तिच्याच खालनं. तुम्ही लेथवाले आहात म्हणून सांगतो, आत सगळं ग्रीस, साखळ्या, वायरी आणि रोज रात्रीची सफाई. तिथं काही मुरत नाही. माती नाहीच तिथं.

माझं म्हणणं, आक्कांना रागावू नका, कायद्याचा धाकही दाखवू नका. त्यांना फक्त त्या पिशवीचं सांगा. चार चमचे का होईना, दाजी आहेत ते.

---

उद्यमनगरकर
बुधवार, सकाळी ६.२०

भावा, दोनदा वाचलं. काय बोलू. तुमच्या वडिलांना नमस्कार.

---

सातसमुद्रापार_शाहूपुरी
बुधवार, सकाळी ९.०५

मी शाहूपुरीची, सोळा वर्षं लॉस एंजेलिसजवळ. आधी एक सांगते, दाजींसारखे इथं अनेक आहेत आणि इथं त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. जेफ राइट्झ नावाचे गृहस्थ १ जानेवारी २०१२पासून रोज डिस्नेलँडला गेले. मार्च २०२०मध्ये कोविडमुळं पार्क बंद झालं तोवर सलग २,९९५ दिवस. गिनेसमध्ये नोंद आहे. सुरुवात केली तेव्हा त्यांनाही नोकरी नव्हती. तुमचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवले.

दुसऱ्या टोकाचेही आहेत. शांघायला डिसेंबर २०२१मध्ये डफी अस्वलाच्या ख्रिसमसच्या बाहुल्यांसाठी पहाटे ३ वाजता पाच हजारांवर माणसं थंडीत रांगेत उभी होती, त्यातल्या कित्येकांना त्या चढ्या भावानं विकायच्या होत्या. आणि मला सगळ्यात वाईट वाटलं ते २०१३चं: रांग चुकवायला काही पैसेवाले लोक अपंग माणसाला भाड्यानं सोबत न्यायचे, अशा बातम्या आल्या आणि डिस्नेला अपंगांची सवलतीची पद्धतच बदलावी लागली. ज्यांना खरी गरज, त्यांना त्याचा त्रास झाला. दाजींची गोष्ट यातली नाही. त्यांनी त्या जागेकडनं फक्त बसायला बाक घेतला. म्हणून तर वाटतं, त्यांच्या नावानं कुणा सफाईवाल्याला मास्क लावून आत उतरायला लागू नये.

आता कामाचं. कॅलिफोर्नियात खासगी जागेत रक्षा सोडायला मालकाची लेखी परवानगी लागते. डिस्ने ती देत नाही, त्यामुळं हा रस्ता बंदच समजा.

भारतात आणताना: मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचं ना हरकत पत्र, तिन्ही हातातल्या बॅगेत ठेवायचे. विमान कंपनीला आधी विचारायचं. डबा धातूचा नको, एक्स-रेमध्ये आतलं दिसलं पाहिजे. लाकडी किंवा प्लास्टिकचा चालतो. आत काय आहे ते दिसलं नाही तर सोडत नाहीत, आणि इथले लोक डबा उघडून बघत नाहीत, हेही आक्कांना सांगा, कारण माझ्या आईच्या मनात तीच भीती होती. पितळी तांब्या हवाच असेल तर तो कोल्हापुरात आल्यावर महाद्वार रोडवरनं घ्या.

---

तांबडीमाती
बुधवार, दुपारी ४.३०

आमच्या आजोबांनी चाळीस वर्षं तालमीत घालवली. ते गेले तेव्हा अंत्ययात्रा तालमीपुढं थांबवली आणि आखाड्यातली ओंजळभर माती त्यांच्या अंगावर घातली. आजोबांना आखाड्यात नाही नेलं, आखाडा त्यांच्याकडं आणला. वस्तादांनीच तसं ठरवलं होतं. आखाड्यात पोरं रोज घाम गाळणार, तिथं राख नको म्हणाले.

तुमच्या दाजींच्या बाबतीत उलटं करता येईल का बघा. तिथलं काहीतरी इकडं आणा.

आणि रक्षा नदीतच सोडायची असा हट्ट नसेल तर शेतात झाड लावा. आमच्या भागात आता पुष्कळ घरं हेच करतात, पंचगंगेची अवस्था आपण बघतोच. फक्त एक ध्यानात ठेवा. रक्षा खारट आणि चुन्यासारखी असते, अडीच-तीन किलो एकदम खड्ड्यात ओतली तर रोप जळतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात आणि मातीत मिसळायची, मुळापासनं वीतभर लांब पसरायची, आणि वर भरपूर पाणी. मी कृषी सेवा केंद्र चालवतो, तीन जणांच्या रोपांचं वाटोळं झालेलं बघितलंय. लोकांना त्याचं दुःख दुसऱ्यांदा होतं.

---

उद्यमनगरकर
रविवार, रात्री १०.१०

मंडळी, आक्काशी बोललो. सगळ्यांचे आभार.

मी स्वतःहून काही बोललो नाही, राइडवाल्या भावाचं जसं आहे तसं वाचून दाखवलं. पिशवीपाशी माझाच आवाज गेला. बराच वेळ पलीकडनं काही नाही. मग तिनं एकच विचारलं, "हेअरपिना होत्या असं लिहिलंय का त्यानं?" मी हो म्हटलं. म्हणाली थांब जरा, आणि फोन तसाच ओट्यावर ठेवून उठली. मला डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि चमचा काठावर दोनदा आपटल्याचा, पीठ झाडतो तसा. परत आल्यावर म्हणाली, "ठेवली एकत्र."

वचनाचं काय, हे मात्र तिला सुटत नव्हतं. ते तिनंच सोडवलं. तिकीट काढून एकटी जाणार आहे, दाजींच्या क्रमानं. उंबऱ्याला हात, रेल्वेची चक्कर, खिडकीतला दिवा, मग हाँटेड मॅन्शन. गाडीत दोघांची जागा असते, शेजारची रिकामी ठेवणार आणि तिथं बत्तिसावी डायरी ठेवणार. त्यात २,११७ लिहायचं, तिच्या अक्षरात. भाचा म्हणत होता मी येतो, त्याला नको म्हणाली.

झाड लावायचं ठरलं. आमचं रान वडणग्यात आहे, २०१९ला आणि २०२१ला दोन्ही वेळा पाण्याखाली गेलं होतं, म्हणून वरच्या बांधावर जागा बघितलीय. आक्काला आंबा हवाय. आईचं म्हणणं फणस, कारण दाजी इकडं आले की फणसाशिवाय परत जायचे नाहीत. बहुतेक फणसच.

तांबडीमाती दादा, एक विचारायचं राहिलं. ती टी-शर्ट पिळलेली बाटली आक्का घेऊन येतेय, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून. रोप लावलं की त्याला घालायची म्हणते. औषध मारलेलं पाणी असतं ते, छटाकभर असेल. चालेल का?

---

तांबडीमाती
रविवार, रात्री १०.४२

छटाकभराला काही होत नाही. पण पहिल्या दिवशी नको. रोप धरलं, दोन नवी पानं आली की मग घाला. आक्का तोवर थांबणार आहेत का?

---

उद्यमनगरकर
रविवार, रात्री १०.५०

मार्चपर्यंत आहे.